उतरणीची वही

“ही गोळी कधी थांबवायची, हे कोणी सांगितलं होतं का तुम्हांला?”

एकवीस वर्षांपूर्वी पोलादपूरच्या दवाखान्यात डॉ. कळंबे यांनी माझ्या वडिलांना विचारलेला हा प्रश्न. मी शेजारच्या स्टुलावर बसले होते. औषधनिर्माणाच्या पदविकेचं माझं शेवटचं वर्ष होतं. कोणती गोळी कशावर द्यायची, किती द्यायची, जेवणाआधी की नंतर, हे सगळं मी घोकत होते. थांबवायची कधी, हे मला तोवर कोणत्याही परीक्षेत विचारलं गेलं नव्हतं.

आमचे अण्णा महाडच्या औद्योगिक वसाहतीत, एका रसायनांच्या कारखान्यात पाळीवर कामाला होते. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “थांबवा असं नाय सांगितलं कोणी. चालू ठेवा असं पण नाय सांगितलं.”

“मग?”

“मग काय, चालूच हाय.”

पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली ॲसिडिटीची गोळी अण्णा सहा वर्षं, दिवसातून दोनदा घेत होते. घरात ती चहासाखरेसारखी भरली जायची. संपत आली की आणायला मीच जायचे. औषधांचं शिक्षण घेणाऱ्या मुलीला यात काही वावगं वाटलं नव्हतं, याची मला त्या स्टुलावर बसल्या बसल्या लाज वाटली. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं असावं. ते माझ्याकडे न बघता अण्णांशीच बोलत राहिले.

पाळीवरून आल्यावर काय खाता, खाऊन किती वेळाने आडवे होता, रिकाम्या पोटी चहा किती, तंबाखू किती, सगळं त्यांनी विचारलं. मग म्हणाले, “एकदम बंद नाही करायची. पंधरा दिवस सकाळची एकच. नंतर एक दिवसाआड. या दिवसांत छातीत जळेल. पूर्वीपेक्षा जास्तसुद्धा जळेल. आजार उलटला असं समजू नका. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं आम्ल जरा उसळतं, मग बसतं. तेवढ्यापुरतं हे पातळ औषध जवळ ठेवा. पण घास अडकायला लागला, वजन उतरलं किंवा शौचाला काळं झालं, तर त्याच दिवशी या. पंधरवड्याची वाट बघू नका.”

खाटेचा डोक्याकडचा भाग उंच करा, असंही त्यांनी सांगितलं. अण्णा म्हणाले, “खाट नाय आमच्यात. खालीच निजतो.” डॉक्टरांनी मान हलवली.

दहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, दासगावात आमच्या दारासमोर त्यांची स्कूटर उभी राहिली. मागे दोरीने बांधलेली लाकडी फळी होती, एका बाजूला वीतभर उंच आणि दुसऱ्या बाजूला जमिनीला टेकणारी. अंथरुणाखाली घालायला त्यांनी ती सुताराकडून मुद्दाम करून घेतली होती. आज आमच्या भागात ती ‘डॉक्टरांची फळी’ म्हणून ओळखली जाते, आणि आमच्या गावचे सुतार नव्या गिऱ्हाइकाला विचारतात, “जेवायचा पाट हवा की पित्ताचा?”

फळी उतरवून घेताना अण्णा नजर चुकवत होते. शेवटी म्हणाले, “काल जादा एक घेतली डॉक्टर. ऱ्हावलं नाय.”

“एकच ना?”

“एकच. शप्पथ.”

“मग तोंड कशाला पाडता? घेतली तर घेतली. पण सांगत चला. लपवलेली गोळी मला कमी करता येत नाही.” आणि माझ्याकडे वळून ते म्हणाले, “तू काही लिहून ठेवतेस का यांचं?”

मी लिहीत होते. कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या पाठीवर रोजची तारीख घालून पुढे ‘जळजळ थोडी’, ‘जास्त’, ‘वडा खाल्ला’ असं काहीबाही. त्यांनी ते पान उभ्या उभ्या वाचलं. ‘वडा खाल्ला’पाशी हसले. म्हणाले, “परीक्षा झाली की ये दवाखान्यात. असं सगळ्यांचं लिहायचं आहे मला.”

अण्णांची गोळी अडीच महिन्यांनी सुटली. आता निवृत्तीनंतर ते कुणाच्या लग्नात जेवले तर एखादी घेतात, आणि दुसऱ्या दिवशी मला आपण होऊन सांगतात. मी त्या उन्हाळ्यात दवाखान्यात रुजू झाले, ती आजतागायत तिथेच आहे. डॉक्टरांची पंचाहत्तरी होत असताना या गौरवग्रंथात त्यांच्याबद्दल लिहिण्याचा मान संपादकांनी मला दिला, तो या एकवीस वर्षांमुळे.

आमच्या दवाखान्यात एक पद्धत आहे. रुग्णाने येताना घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायची आणि टेबलावर ओतायची. डॉक्टरांचं पहिलं वाक्य “काय होतंय?” हे नसतं, “पिशवी ओता” हे असतं. टेबलावर काय काय पडतं. अर्ध्या वापरलेल्या मलमाच्या नळ्या, वारलेल्या नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या, शेजारणीला गुण आला म्हणून आणलेलं काहीतरी. आणि दर दोन-तीन पिशव्यांमागे एकीत ती ॲसिडिटीची गोळी असतेच. डॉक्टर ती बोटाने बाजूला सरकवतात आणि तीन प्रश्न विचारतात. कोणी सुरू केली? कधी? कशासाठी? उत्तरं आली की मी वहीत नवं पान उघडते. वर नाव, गाव, सगळी औषधं. खाली कमी करण्याचा क्रम आणि दर आठवड्याची नोंद. त्या वहीला डॉक्टरांनीच नाव दिलं, उतरणीची वही. आमच्याकडची माणसं घाटातली. उतरताना घाई करणाऱ्याचे गुडघे जातात, हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘गोळ्या बंद करणारे डॉक्टर’ असं त्यांना कौतुकाने म्हटलं जातं, ते त्यांना मुळीच आवडत नाही. महाडचे एक निवृत्त शिक्षक ही ख्याती ऐकून आले होते. त्यांना पूर्वी पोटात व्रण होऊन रक्तस्राव झालेला होता आणि हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू होती. ते म्हणाले, “माझीही सोडवा डॉक्टर. आमच्या कट्ट्यावर चौघांची सुटली.”

“तुमची नाही सोडवणार.”

“का? मी काय पाप केलंय?”

“तुमच्या गोळीला काम आहे, गुरुजी. बिनकामाच्या गोळीला मी घरी पाठवतो. कामावरच्या गोळीला नाही.”

गुरुजी रुसून गेले. डॉक्टरांनी मला त्यांचं पान उघडायला सांगितलं आणि त्यावर आडवं लिहिलं, ‘उतरायचे नाही’. ते गुरुजी आजही दर दोन महिन्यांनी येतात आणि दर वेळी तीच विनंती करतात. डॉक्टर दर वेळी त्यांचं सगळं ऐकून घेतात, मग नाही म्हणतात. विनंती ऐकून घेण्यात त्यांनी कधी घाई केली नाही, आणि नकार देण्यात कधी कुचराई केली नाही.

आता मला धाकूबाईंबद्दल लिहायचं आहे. हा लेख मी लिहायला घेतला तो खरं तर त्यासाठीच.

धाकूबाई कुडपणच्या. तेव्हा सत्तरीच्या होत्या. दोन म्हशी, थोडी शेती, सोबत सून सविता. मुलगा मारुती मुंबईला नोकरीला. सासू-सून सकाळी जीपने खाली आल्या होत्या आणि दुपारी तीच जीप वर जाणार होती. दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टर आतल्या खोलीत कोयता लागलेल्या एका माणसाच्या हाताला टाके घालत होते. मी बाहेर पिशवी ओतून घेतली. त्यात डोळ्यांचे थेंब होते आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांची पाकिटं होती, बाकी काही नाही. मी तीन प्रश्न विचारले.

“मुंबैला पोराकडं व्हते तवा दिली गो. चार-पाच वर्सं झाली. आंबट पाणी यायचं.”

“आता येतं?”

“नाय गो. आता कुठं?”

वहीच्या पानावर एक ओळ असते, ‘अंगदुखीच्या गोळ्या’. रोजच्या दुखऱ्या अंगासाठी घेतलेल्या काही गोळ्या पोटाचं अस्तर खातात. त्या घेणाऱ्या माणसाला ॲसिडिटीची गोळी राखण म्हणून दिलेली असते. ती काढली की पोट उघडं पडतं. म्हणून तो प्रश्न डॉक्टर नेहमी स्वतः विचारत. त्या दिवशी माझ्या मनात आलं, पिशवीत तर काही नाही. सविता दोनदा म्हणाली होती, “ताई, जीप जाईल.” मी त्या ओळीपुढे लिहिलं, ‘नाहीत’.

धाकूबाई बाकावर बसताना गुडघ्यावर हात दाबून बसल्या होत्या. ते मी पाहिलं होतं. पाहूनही मी पिशवीवर विश्वास ठेवला.

डॉक्टर बाहेर आले, त्यांनी पोट तपासलं, पान वाचलं. माझ्या अक्षरातला तो शब्द वाचून त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. क्रम लिहिला, सही केली.

सहा आठवड्यांनी, एका सकाळी सविता त्यांना घेऊन आली. आजींचा चेहरा कागदासारखा झाला होता. सविता म्हणाली, “कालपासनं डांबरासारखं व्हतंय, डॉक्टर. आज उठल्यावर चक्कर येऊन पडल्या.” डॉक्टरांनी नाडी पाहिली, सुई लावली, आणि जीपवाल्याला गाडी महाडकडे वळवायला सांगितलं. आजींना मागच्या बाकावर निजवत असताना त्यांनी शांतपणे विचारलं, “आजी, गुडघे दुखतात तेव्हा काय करता?”

धाकूबाईंनी पदराची गाठ सोडली. आत गोळ्यांचं पाकीट होतं, चार गोळ्या उरलेलं.

“ह्या घेते. मारुती धाडतो.”

“त्या दिवशी पिशवीत नव्हत्या.”

“ह्या गुडघ्याच्या हायत, डाक्तरा. तू तर पोटाचं बघतोस ना?”

डॉक्टर त्यांच्याबरोबर जीपमध्ये बसून गेले. मी दवाखान्याच्या पायरीवर उभी राहिले. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

महाडच्या रुग्णालयात आजींना रक्त चढवलं. तो दिवस आणि दुसरा दिवस काही सांगता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मारुती मुंबईहून थेट दवाखान्यात आला, सोबत गावचे चार-पाच जण. बाकावर रुग्ण बसलेले होते. मारुती दारातूनच म्हणाला, “आईची गोळी बंद करायला कोणी सांगितली?”

डॉक्टर उभे राहिले. “मी.”

“आणि ह्या बाईंनी लिहून दिलं, असं सविता वैनी सांगते,” सोबतचा एक जण माझ्याकडे बोट करून म्हणाला.

“त्या लिहून घेतात. विचारायचं काम माझं. मी विचारलं नाही.”

“तिला काय झालं म्हंजे?” मारुतीने विचारलं.

“झालं तर ते माझ्यामुळे झालं, असंच तुम्ही म्हणा. मी नाही म्हणणार नाही. आत्ता मी तिकडेच निघालोय, चला बरोबर.”

भांडायला आलेल्या माणसाला समोरून काही मिळालं नाही की तो कसा एकटा पडतो, ते मी तेव्हा पाहिलं. मारुती खाली मान घालून डॉक्टरांच्या मागे गेला. पोटात रक्तस्राव झाला तो त्यानेच आईवरच्या मायेपोटी पाठवलेल्या गोळ्यांमुळे, हे डॉक्टर त्या गर्दीत बोलले नाहीत. आजी धोक्यातून बाहेर आल्यावर त्यांनी मारुतीला एकट्याला बाजूला घेतलं आणि काय पाठवायचं, काय नाही, ते समजावून सांगितलं. त्यालाही वाचवलं, मलाही वाचवलं. आणि मारुती दवाखान्यात होता त्या सगळ्या वेळात मी गोळ्यांच्या कपाटाला पाठ लावून उभी होते. एक शब्द बोलले नाही.

आजी धोक्यातून बाहेर आल्या त्या संध्याकाळी डॉक्टरांनी धाकूबाईंचं पान उघडून तळाशी लिहिलं, ‘चूक माझी. विचारले नाही.’ आणि सही केली. मी म्हणाले, “डॉक्टर, ‘नाहीत’ हे मी लिहिलंय. न विचारता.”

“अक्षर तुझं आहे, मला दिसतंय की.”

“मग चूक तुमची कशी?”

“तू विचारलंस का, हे मी विचारलं नाही.” त्यांनी वही मिटली. मी नोकरी सोडण्याबद्दल काही बोलायला लागले, तेव्हा ते म्हणाले, “शुक्रवारी आजी घरी जातील. तू वर जाऊन येत जा दर आठवड्याला. राजीनामा तिथून आल्यावर दे.”

मी दोन महिने दर आठवड्याला कुडपणला गेले. पहिल्या खेपेला धाकूबाई ओटीवर बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, “काय गो, आज काय बंद करायला आलीस? म्हशीचं दूध?” सविता तोंडाला पदर लावून हसली. मी खाली बसले आणि सांगून टाकलं की त्या दिवशी मी तुम्हांला विचारलं नव्हतं.

“इचारलं असतंस तरी मी नाय म्हनले असते,” धाकूबाई म्हणाल्या. “ताक पी.”

तसं झालंही असतं. पण मी विचारलं नव्हतं, हे त्याने बदलत नाही. हे मला त्या ओटीवर कळलं, आणि राजीनामा देऊन ते मिटणार नाही, हेही कळलं. धाकूबाईंची गोळी पुन्हा सुरू झाली, गुडघ्यांसाठी वेगळा उपाय ठरला. आज त्या ऐंशीच्या पुढे आहेत आणि मला अजून म्हशीवरून टोमणे मारतात.

तेव्हापासून आमच्या दवाखान्यात दोन वाक्यं झाली आहेत. पिशवी ओता. गाठ सोडा. अंगदुखीचा प्रश्न आम्ही ‘गोळ्या घेता का’ असा विचारत नाही. ‘दुखतं तेव्हा काय करता’ असा विचारतो. आणि डॉक्टर जिथे जिथे नव्या डॉक्टरांशी, आरोग्यसेविकांशी बोलायला जातात, तिथे धाकूबाईंची गोष्ट सांगतात. “मी विचारलं नाही,” असं म्हणतात. मी पुष्कळदा मागच्या रांगेत बसलेली असते. लोक त्यांच्या प्रामाणिकपणाने भारावतात. मी वहीकडे बघत राहते.

या ग्रंथासाठी संपादकांनी वही पाहायला नेली होती. आजींची परवानगी घेऊन ते पान छापायचं त्यांनी ठरवलं आहे. मोठ्या मनाची खूण म्हणून ते पान योग्यच आहे. परंतु ज्यांना ते पाहायला मिळेल, त्यांनी जरा वरही पाहावं. तळाच्या ओळीचं अक्षर डॉक्टरांचं आहे. ‘नाहीत’ हा शब्द वेगळ्या अक्षरात आहे. तो माझा आहे. हे मी बारा वर्षं चारचौघांत बोलले नाही. आज आपणा सर्वांसमोर लिहिते आहे.

डॉक्टरांना आणखी पुष्कळ वर्षं वेळेवर भूक लागो. जेवल्यावर छातीत न जळो. घाट चढण्याइतका दम आणि उतरण्याइतके गुडघे त्यांना लाभोत, आणि त्यांच्या स्वतःच्या पिशवीत ओतण्यासारखं कधी फार काही न साठो.

आणि डॉक्टर, एक मागणं आहे. हे ऐकून तुम्ही चष्मा काढून पुसाल, गुरुजींचं ऐकता तसं माझं सगळं ऐकून घ्याल आणि मग नाही म्हणाल, हे मला ठाऊक आहे. तरी मागते. पान छापायला जाण्याआधी वही एक दिवस माझ्याकडे द्या. ‘चूक माझी’च्या खाली तुमची सही आहे, तिच्या शेजारी थोडी जागा आहे. तिथे मला सही करू द्या.